भयाचे कारागीर

गेल्या पावसाळ्यात एक पालक आमच्या भेटीस आले. ऐरोलीत बरीच वर्षे वास्तव्य, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कचेरीत नोकरी, आणि मुलगा आमच्याच शाळेत दहावीच्या वर्गात. तक्रार अशी की, चिरंजीव रात्री बारा-बारा वाजेपर्यंत संगणकापुढे बसलेले असतात. "मुले खेळतातच हो," असे आम्ही समजुतीने म्हणताच ते गृहस्थ अधिकच कष्टी झाले. "खेळला असता तर मी समजलो असतो, सर. हा खेळत नाही. हा गेम बनवतो. आणि तोही भुताचा!" चाचणी परीक्षेत गणिताचे गुण उतरले होते. सबब, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत संगणक कपाटात कुलूपबंद करून ठेवावयाचा असा त्यांचा निश्चय झाला होता, आणि आम्ही त्यास अनुमोदन द्यावे एवढ्याचसाठी ते आले होते.

अनुमोदन आम्ही दिलेही असते. शिक्षकाचा तो धर्मच आहे. परंतु त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जाण्याचा योग आला आणि मुलाने मोठ्या संकोचाने आपले काम आम्हांस दाखविले. पडद्यावर एका जुन्या इमारतीचा जिना होता. आमच्या कानांवर हेडफोन चढविण्यात आले, दिवा मालविण्यात आला आणि आम्ही तो जिना चढू लागलो. काहीच घडेना. दुसऱ्या मजल्यावर आमच्या लक्षात आले की, आमच्या पावलांच्या आवाजामागे आणखी एक आवाज आहे. आम्ही थांबलो की तोही थांबतो, मात्र अर्ध्या क्षणाने उशिरा. आम्ही पन्नाशी ओलांडलेली माणसे. तरीही आम्ही मागे वळून पाहिले, आणि तेही पडद्यावर नव्हे, खोलीत! हे कबूल करावयास आम्हांस लाज वाटत नाही.

मग आम्ही ते भूत पाहावयास मागितले. मुलाने बटण दाबताच जिन्याच्या वळणावर औषधाच्या कॅप्सूलसारखा एक करडा, लांबट गोळा उभा राहिला. ना डोळे, ना केस, ना उलटी पावले. "चेहरा अजून केला नाही, सर," तो म्हणाला. "चेहरा दिसला की भीती कमीच होते."

सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य आम्ही त्या रात्री पुष्कळ वेळ घोळवीत होतो. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच.

ज्या पालकांनी असले खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. या प्रकारास इंग्रजी नाव आहे त्याचा अर्थ 'जीव वाचविण्याचा भयखेळ' असा होतो. १९९२ साली फ्रान्समध्ये निघालेला 'अलोन इन द डार्क' हा त्याच्या पूर्वजांपैकी एक. पुढे १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'रेसिडेंट ईव्हिल' काढला व या प्रकाराचे नाव जगभर झाले. नेहमीच्या लढाऊ खेळात नायकाजवळ बंदुका व काडतुसे यांचा सुकाळ असतो. येथे सारा व्यवहार काटकसरीचा. विजेरीत तीन मिनिटांची बॅटरी, खिशात दोन किल्ल्या, आणि समोर असे काही की ज्याच्याशी लढता येत नाही. त्यापासून लपता येते, पळता येते, एवढेच. स्वीडनमधील एका लहानशा मंडळीने २०१० साली काढलेल्या 'ॲम्नेशिया' या खेळात तर शस्त्र मुळीच नाही. कंदिलातील तेल सरत जाते, अंधारात मन ढळू लागते, आणि त्या राक्षसाकडे टक लावून पाहावे तर मन आणखीच ढळते.

आता 'प्रथमपुरुषी' म्हणजे काय, ते व्याकरण शिकलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. चित्रपटात 'तो' दार उघडतो व आपण खुर्चीत बसून "नको रे उघडू" म्हणतो. कादंबरीत लेखकाची मर्जी असेल तेव्हाच दार उघडते. या खेळात दार 'मी' उघडतो. दृष्टी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, हात माझा, आणि न उघडण्याचे स्वातंत्र्यही माझे. पण उघडल्यावाचून पुढे जाता येत नाही. भयाच्या कलेत ही नवीनच गोष्ट आली असे आम्हांस वाटते. आमच्या लहानपणी गोष्ट सांगणारी आजी आमचे तोंड पाहून आवाज चढवीत किंवा उतरवीत असे. छापील पुस्तकास ते साधले नाही, चित्रपटासही नाही. हा खेळ मात्र आमचे पाऊल पाहून आपला आवाज बदलतो. म्हणजे आजीचे कसब त्याच्या हाती आले आहे, निदान थोडेसे.

परंतु हे कसब येते कोठून, हा खरा विषय. त्या करड्या गोळ्याच्या पोटात काय आहे ते आम्ही मुलाकडून समजून घेतले, आणि घेता घेता आमचेच अज्ञान पदोपदी उघडे पडले. भुताने खेळाडूस 'पाहिले' हे संगणकास कसे कळावे? प्रथम दोघांमधील अंतर काढावयाचे. ते काढण्याचे सूत्र दहावीच्या निर्देशक भूमितीत दिले आहे तेच. फक्त लांबी व रुंदी यांच्या जोडीस उंची आली म्हणजे झाले. अंतर ठरावीक मर्यादेत असेल तर दुसरी कसोटी. भुताच्या नाकासमोर जाणारी एक रेषा व भुतापासून खेळाडूपर्यंतची दुसरी रेषा, यांमधला कोन किती? भुताची नजर नव्वद अंशांत पसरलेली धरली, तर हा कोन पंचेचाळीसाच्या आत हवा, अर्थात् त्याची कोज्या ०·७०७ पेक्षा अधिक हवी. शेवटी तिसरी कसोटी: भुताच्या डोळ्यापासून खेळाडूपर्यंत एक अदृश्य किरण सोडावयाचा आणि तो वाटेत भिंतीवर आपटतो की काय ते पाहावयाचे. तिन्ही कसोट्या उतरल्या म्हणजे भुताने पाहिले! आणि हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, कारण पडद्यावरील चित्र सेकंदास साठ वेळा नव्याने काढावयाचे असते. प्रत्येक चित्रास सेकंदाचा साठावा भाग, एवढाच काय तो अवधी.

पाहिल्यावर भुताने काय करावे याचाही तक्ता असतो. गस्त, कानोसा, शोध, पाठलाग अशा चार अवस्था कागदावर चौकटी काढून मांडलेल्या आम्ही पाहिल्या. एकीतून दुसरीत केव्हा जावयाचे त्याचे बाण काढलेले. तो कागद म्हणजे त्या मुलाच्या गणिताच्या वहीचे मागचे पान होते. ज्या प्रकरणात चाचणीत त्याचे गुण गेले ते प्रकरण निर्देशक भूमितीचेच होते, आणि गुण गेले ते पायऱ्या न लिहिल्यामुळे. यात दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परीक्षेत पायऱ्या लिहिल्याच पाहिजेत.

ध्वनीचे प्रकरण तर याहून सूक्ष्म. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते, हे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. खेळात हाच नियम थोडा वाकवावा लागतो; जसाच्या तसा लावला तर दूरचे पाऊल ऐकूच येत नाही. शिवाय आवाज डाव्या कानात आधी की उजव्या, भिंतीपलीकडून आला तर किती बोथट, रिकाम्या खोलीत त्याचा नाद किती घुमतो, हे सर्व ठरवावे लागते. आमच्या या विद्यार्थ्याने पावलांचे आवाज स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यात, आईच्या जुन्या चपला घालून, मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले होते. आईस ते अद्याप ठाऊक नव्हते!

पालक विचारतील की, एकटा पोर असे करून करून काय करणार. अशा कामास मोठमोठ्या कंपन्या व कोट्यवधी रुपये लागत असतील. पूर्वी लागत. आज साधने जवळजवळ फुकट आहेत. चित्रे व आकार घडविण्याचे 'ब्लेंडर' २००२ सालापासून सर्वांस खुले आहे. खेळाचे यंत्र, ज्यास हे लोक इंजिन म्हणतात, त्यांपैकी 'गोडो' २०१४ साली खुले झाले आणि 'अनरिअल' हे बड्या कंपन्यांचे इंजिन २०१५ पासून शिकणारास विनामूल्य मिळते. आणि भयखेळाच्या प्रांतात एकट्या माणसाची गंमत अशी की, त्याचे दारिद्र्यच त्याच्या उपयोगी पडते. गर्दी दाखविण्यास पैसा लागतो. ओसाडी दाखविण्यास लागत नाही. शंभर माणसांची नगरी उभारणे एकट्यास अशक्य, पण एक रिकामा वाडा, एक विजेरी आणि एक न दिसणारे भूत एवढे तो उभारू शकतो.

२०१२ साली मार्क हॅडली नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने 'स्लेंडर' नावाचा खेळ फुकट वाटला. त्यात काय होते? एक रात्र, एक रान, एक विजेरी आणि झाडांवर व भिंतींवर लावलेले आठ कागद. ते गोळा करावयाचे, आणि मागून कोणी येत आहे. बस्स. जगभर मुलांची झोप उडाली. २०१७ साली स्वीडनमधील एका कारागिराने, डीव्ही-लोपर या टोपणनावाने, 'ग्रॅनी' काढला. एका म्हातारीच्या घरातून पाच दिवसांत सुटावयाचे, आणि म्हातारीस लहानसा आवाजही ऐकू येतो. हा खेळ आमच्या शाळेतील तिसरीच्या मुलांसही ठाऊक आहे. त्यांस तो ठाऊक असावा याचे आम्हांस दुःख आहे. त्याविषयी पुढे लिहू.

स्कॉट कॉथन या टेक्ससमधील गृहस्थाची हकीकत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. हे सद्‌गृहस्थ धर्मपर खेळ व चित्रे बनवीत. जॉन बन्यनचा जो ग्रंथ हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणिला, त्यावर त्यांनी चलच्चित्रही केले होते. पुढे त्यांनी लहान मुलांसाठी लाकूडतोड्या बीव्हरांचा एक निरुपद्रवी खेळ केला. परीक्षकांनी त्याची टर उडविली: यातील प्राणी यंत्राच्या बाहुल्यांसारखे हलतात व पाहून भीती वाटते. कॉथन खचले. मग त्यांनी विचार केला की, माझे प्राणी भीतिदायक दिसतात ना, तर दिसू देत. मी त्याहून भीतिदायक करतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' निघाला. रात्रपाळीचा पहारेकरी खोलीत बसून कॅमेऱ्यांतून यंत्राचे प्राणी न्याहाळतो. सकाळी सहापर्यंत वीज पुरवावयाची असते, आणि प्रत्येक दार लावले की वीज खर्च होते. २०२३ साली त्यावर चित्रपटही झाला. टीकेतील दोष हाच गुण म्हणून उचलणे, एवढे धैर्य आमच्या किती निबंधकारांस आहे? लाल शाईची खूण दिसताच वही मिटणारेच अधिक.

हे सारे परदेशचे झाले. महाराष्ट्राचा यांत काय भाग? भयखेळाचा नव्हे, परंतु स्वतंत्र कारागिरांच्या खेळाचा एक मोठा दाखला आपल्या पुण्याचा आहे. 'नॉडिंग हेड्स' या लहानशा मंडळीने 'राजी' नावाचा खेळ मांडला. एक डोंबारीण मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात पुराणांतील असुरांशी झुंजते, अशी त्याची कथा. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणी मागितली. ती भरली नाही. संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेविले. २०२० साली खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्याच डिसेंबरात खेळांच्या जागतिक पारितोषिकांत 'उत्तम पहिली कृती' यासाठी नामांकनाच्या पाच नावांत तो आला. पारितोषिक मिळाले नाही. ते मिळाले 'फॅस्मोफोबिया' यास, म्हणजे एका इंग्रज तरुणाने एकट्याने केलेल्या प्रथमपुरुषी भयखेळास, ज्यात भूत खेळणाऱ्याचा खराखुरा आवाज मायक्रोफोनातून ऐकते. पुण्याच्या मंडळींचा फ्लॅट आणि एकट्याचे भूत एकाच रात्री एकाच यादीत बसले होते, हे आम्हांस विसरता येत नाही.

तरीही येथे पालकांस सावध करणे आमचे कर्तव्य आहे. वर सांगितलेली नावे ही समुद्रातून हाती आलेली मोती आहेत. तळाशी गेलेल्यांची गणती कोणी ठेवीत नाही. 'स्टीम' या बाजारात खेळ मांडावयाचा तर प्रत्येक खेळामागे शंभर डॉलर भरावे लागतात, आणि पुष्कळ खेळांची ती रक्कमही सुटत नाही असा आमचा समज आहे. किंबहुना पुष्कळसे खेळ बाजारापर्यंत जातच नाहीत. ते अर्धवट राहतात. पोटापाण्याचा धंदा म्हणून याकडे आज पाहू नये. छंद म्हणून पाहावे, आणि छंदास छंदाएवढाच वेळ द्यावा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आमच्या एका सहकाऱ्यांचाच आहे. ज्या महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्या महाराष्ट्रातील विद्यालयाने भुताखेतांच्या खेळास उत्तेजन द्यावे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु भुताची भीती कोणास वाटते? ज्यास भूत कसे घडते ते ठाऊक नाही त्यास. ज्याने भुताची नजर पंचेचाळीस अंशांत बांधली, त्याच्या कानास किती मीटरांवरचे ऐकू यावे ते आकड्यात लिहिले, आणि चुकीने ते भूत जमिनीत कमरेपर्यंत रुतलेले किंवा भिंतीस नाक लावून जागच्या जागी धावताना पाहिले, त्यास अमावास्येच्या रात्री पिंपळाखालून जाताना काय वाटेल? आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस ती चूकही दाखविली. भिंतीस नाक लावून धावणारे भूत पाहून आम्ही तिघेही पोट धरून हसलो. त्या घरात त्या आठवड्यात प्रथमच कोणी हसले असेल. मांत्रिकाचा धंदा चालतो तो पडद्यामागे काय आहे हे कोणी पाहत नाही म्हणून. हा मुलगा पडद्यामागेच बसतो.

दुसरा आक्षेप मात्र आम्ही इतक्या सहज उडवून लावू शकत नाही. ज्या काल्पनिक पिशाच्चावरून 'स्लेंडर' खेळ निघाला, त्याच्याच गोष्टी वाचून, ते खरोखर आहे अशा समजुतीने, अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात बारा वर्षांच्या दोन मुलींनी २०१४ साली आपल्या वर्गमैत्रिणीवर सुरीने वार केले. सुदैवाने ती वाचली. त्या मुलींपैकी कोणी खेळ घडविणारी नव्हती. दोघी गोष्टींच्या ग्राहक होत्या, आणि त्यांचे मन स्वस्थ नव्हते हे न्यायालयातही सिद्ध झाले. तरीही प्रसंग घडला तो घडला. सबब आमचे मत स्पष्ट आहे: लहान मुलांच्या हाती असे खेळ देऊ नयेत. दुकानात खेळाच्या नावाशेजारी वयाची खूण छापलेली असते. ती आईबापांनी वाचावी. जेवण भरविताना तिसरीच्या मुलास फोन देऊन 'ग्रॅनी' लावून देणे, आणि मग तो रात्री एकटा झोपत नाही म्हणून दृष्ट काढणे, यांत दोष म्हातारीचा नव्हे.

व्यसनाविषयीही दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या विकारास स्थान दिले आहे. त्याची लक्षणे तीन: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रस्थान मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे, आणि हे सामान्यतः वर्षभर. यांत किती तास हा शब्द नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. मुलगा जेवतो काय, झोपतो काय, मित्रांत मिसळतो काय, आणि "थांब" म्हटल्यावर कुरकुरत का होईना थांबतो काय, हे पाहावे. आमच्या या मुलाचे जेवण व मैत्री ठीक होती. झोपेचा मात्र दिवाळा निघाला होता, आणि तेथे त्याचे वडील सर्वस्वी बरोबर होते.

इतके पालकांशी बोललो. आता कारागिरांशी आमचे भांडण आहे. खेळांच्या बाजारात आमच्या देशी मुलांनी केलेले जे भयखेळ आम्ही चाळले, त्यांतील बहुतेक एकाच साच्याचे निघाले. ओसाड इस्पितळ, गंजलेला पलंग, चाकांची खुर्ची, भिंतीवर इंग्रजी अक्षरांत रक्ताने लिहिलेली धमकी. कारण उघड आहे: इंजिनाच्या दुकानात हे सामान तयार मिळते. भय उसने आणले की ते उसन्या कोटासारखे खांद्यावर बसत नाही. ज्या मुलाने आयुष्यात असले इस्पितळ पाहिले नाही त्याने ते का बांधावे?

आणि त्याने काय पाहिले आहे? ऐरोलीच्या मुलाने दिव्याच्या कोळीवाड्यापलीकडची खाडी पाहिली आहे. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांचे टोकदार कोंब चिखलातून हजारोंच्या संख्येने वर आलेले दिसतात. झाड श्वास घेण्यासाठी ते वर काढते, हे जीवशास्त्राच्या तासास आम्ही सांगतो, पण संध्याकाळच्या उजेडात ते कशासारखे दिसतात हे कोणी सांगत नाही. या तिवरांत आजही कोल्हे आहेत, आणि रात्री त्यांची हूल उठते तेव्हा बाराव्या मजल्यावरील माणूसही क्षणभर गप्प होतो. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत गेला; ऐरोलीतच किनारी व सागरी जैवविविधतेचे केंद्र आहे, तेथे आमची सहल दरवर्षी जाते. दिवसा तेथे गुलाबी पाखरे दिसतात. रात्री काय असते याचा खेळ कोणी करावा!

शिवाय भरती आहे. एका भरतीपासून दुसरी सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांनी येते, म्हणून तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरते. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यास पाणी चार-पाच मीटर चढते. विजेरीतील बॅटरीपेक्षा हे घड्याळ कितीतरी भयंकर. ते थांबविता येत नाही, आणि त्यात भूत नसले तरी चालते.

आणि चकवा! कोकणात व देशावर ज्यांची आजी होती त्यांस चकवा सांगावयास नको. रात्री ओळखीच्या वाटेने निघावे, चालत राहावे, आणि पुन्हा त्याच वडापाशी यावे. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील संशोधकांनी २००९ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. रानात व सहाराच्या वाळवंटात माणसांस सरळ चालावयास सांगितले. सूर्य अगर चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली, तो ढगाआड जाताच ती नकळत वळत वळत स्वतःच्याच वाटेस येऊन मिळाली. म्हणजे चकवा खरा आहे. खोटे आहे ते फक्त त्यामागचे भूत. प्रथमपुरुषी खेळास याहून योग्य विषय आम्हांस सुचत नाही, आणि तो आमच्या भाषेत शब्दासकट तयार आहे.

नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनी आपल्या कथांत परका किल्ला आणिला नाही असे नव्हे, परंतु वाचकाच्या अंगावर काटा आला तो वाडा, माजघर, चाळीची खोली यांनी. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या 'तुंबाड' चित्रपटाने पावसाने भिजलेला वाडा दाखविला आणि देशभरच्या लोकांस तो समजला. तर मग आमच्या मुलाच्या जिन्यात इंग्रजी पाटी का? त्या जिन्यात दाराशी चपलांची चळत का नाही, पहिल्या मजल्यावर कोणाच्या तरी तुळशीची कुंडी का नाही, दारावर मराठीत आडनाव का नाही? आम्ही हे त्यास विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला व म्हणाला, "सर, मग ते खूपच खरे वाटेल."

त्या संध्याकाळी जो तह झाला तो असा. संगणक कपाटात जाणार नाही. आठवड्यातून दोन दिवस, शनिवार व रविवार, दोन-दोन तास. रात्री दहानंतर दिवा बंद. खेळ लहान करावयाचा: एकच इमारत, दहा मिनिटे, आणि बोर्डाच्या परीक्षेपूर्वी नवीन मजला चढवावयाचा नाही. गणिताच्या वहीत पायऱ्या. शेवटची अट वडिलांनी स्वतःच घातली, आणि ती ऐकून आम्हांसही नवल वाटले: जे काही नवीन होईल ते प्रथम त्यांनी खेळून पाहावयाचे.

ही अट आजवर पाळली गेली आहे असे कळते. सहामाहीत गणितात अकरा गुण वाढले. ते पायऱ्यांचे की झोपेचे, देव जाणे. दारांवर आडनावे आली आहेत. भुतास चेहरा अजून नाही. गेल्या महिन्यात वडील भेटले तेव्हा आम्ही विचारले की, आपण कितव्या मजल्यापर्यंत गेलात? ते जरा ओशाळले. "दुसऱ्या," ते म्हणाले. "मग मी त्याला म्हटले, आधी खोलीतला दिवा लाव."